खुन्याला क्षमा केली, मग शिक्षा कशाला?

एप्रिल 2025 मध्ये ओडिशातल्या केओंझरच्या तुरुंगातून जन्मठेपेचा एक कैदी बाहेर आला. पंचवीस वर्षं आत काढल्यानंतर चांगल्या वर्तणुकीमुळे त्याला शिक्षेत सूट मिळाली होती. ख्रिस्ती मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन मुलांना जिवंत जाळल्याच्या खटल्यातला तो दोषी. मुख्य दोषी दारा सिंग यानेही सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतलेली आहे.

या प्रकरणाची बातमी निघाली की दोन प्रश्न हमखास येतात. एक, "स्टेन्स यांच्या पत्नीने तर तेव्हाच माफ केलं होतं ना, मग हे लोक इतकी वर्षं आत कसे?" दुसरा नेमका उलट्या बाजूचा, "नवरा आणि पोटची दोन मुलं जाळणाऱ्यांना माफ? हे मनापासून असूच शकत नाही." दोन्ही प्रश्न विचारणारे प्रामाणिक असतात. क्षमा केली म्हणजे प्रकरण मिटलं, असं दोघांनीही धरलेलं असतं. ख्रिस्ती श्रद्धेत क्षमेचा अर्थ तो नाही. आणि तो जो आहे तो चर्चमध्ये जाणाऱ्या आमच्यातल्या अनेकांनाही नीट सांगितला गेलेला नाही, म्हणून हा लेख.

मनोहरपूरला काय घडलं

ग्रॅहम स्टेन्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे. 1965 मध्ये भारतात आले आणि मयूरभंज जिल्ह्यात, बारीपदाला कुष्ठरुग्णांच्या सेवेत राहिले. जानेवारी 1999 मध्ये केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावी ख्रिस्ती लोकांचा वार्षिक मेळावा होता. 22 तारखेच्या रात्री ते आणि त्यांची मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, गाडीतच झोपले होते. मध्यरात्रीनंतर जमाव आला, त्याने गाडी पेटवली आणि तिघांना बाहेर पडू दिलं नाही.

पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्थर तेव्हा बारीपदाला होत्या. मारणाऱ्यांना मी क्षमा केली आहे, असं ग्लॅडिस स्टेन्स यांनी त्या दिवसांतच सांगितलं. त्या लगेच देश सोडून गेल्या नाहीत. पाच वर्षं बारीपदालाच राहून कुष्ठरुग्णांचं काम त्यांनी चालू ठेवलं, 2004 मध्ये तिथे पतीच्या स्मरणार्थ रुग्णालय सुरू झालं आणि 2005 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

इकडे खटला आपल्या वाटेने चालला. 2003 मध्ये विशेष न्यायालयाने दारा सिंगला फाशी सुनावली, 2005 मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि जानेवारी 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली. 2003 च्या निकालानंतर ग्लॅडिस यांनी जे सांगितलं ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: मी क्षमा केली आहे, माझ्या मनात कटुता नाही, पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये.

पुढे जे समजून घ्यायचं आहे त्याचा गाभा या शेवटच्या वाक्यात आहे.

क्षमा करणारा नेमकं काय सोडतो

गल्लीतल्या किराणा दुकानदाराने एखाद्याची पाच हजारांची उधारी वहीतून खोडली, तर ते पाच हजार हवेत विरत नाहीत. तेल, साखर, डाळ गिऱ्हाइकाने नेलेली असतेच. खोट येते ती दुकानदाराच्या खिशाला. ज्याने नुकसान केलं त्याच्याकडून ते वसूल न करता ज्याचं झालं त्याने आपल्या अंगावर घ्यायचं, एवढाच क्षमेचा अर्थ आहे. "काही झालंच नाही" असं म्हणणं वेगळं. जे झालं त्याची किंमत पुरती माहीत असल्याशिवाय क्षमा करताच येत नाही, कारण खोडायची रक्कमच ठाऊक नसते.

येशूने स्वतः हा विषय देण्याघेण्याच्या भाषेतच मांडला. शिष्य पेत्राने त्याला विचारलं, भावाने माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणाला, साताच्या सत्तर वेळा. आणि मग त्याने एक दृष्टांत सांगितला; तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकाच्या, अठराव्या अध्यायात आहे. एका राजाच्या चाकराकडे दहा हजार तालांतांचं कर्ज होतं. एक दीनार म्हणजे मजुराची त्या काळची एका दिवसाची मजुरी, आणि एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. हिशेब केला तर कर्ज भरतं सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं. ते फेडणं कुणाही चाकराच्या आवाक्यातलं नाही, आणि ऐकणाऱ्यांना ते ऐकताक्षणी कळलं असणार. राजाला कीव आली, त्याने सगळं कर्ज सोडून दिलं. तोच चाकर बाहेर पडतो आणि त्याला शंभर दीनारांचं देणं असलेला एक सोबती भेटतो. तो त्याचा गळा धरतो. सोबती गयावया करतो, आणि ते शब्द जवळपास तेच आहेत जे या चाकराने थोड्या वेळापूर्वी राजापुढे काढले होते: जरा सबुरीने घ्या, सगळं फेडीन. हा मात्र त्याला तुरुंगात टाकतो.

शंभर दीनार ही काही किरकोळ रक्कम नव्हती. तीन-साडेतीन महिन्यांची मजुरी कुठल्याही गरिबाला जड जाते. तुमचं दुःख क्षुल्लक आहे असं येशू कुठेही म्हणत नाही. तो एवढंच दाखवतो की या माणसाला स्वतःला त्याच्या सहा लाख पट माफ झालेलं आहे आणि ते तो दारातून बाहेर पडेपर्यंत विसरला.

ख्रिस्ती माणसाच्या दुसऱ्याशी वागण्याचा पाया इथे आहे. मी मोठ्या मनाचा म्हणून तुला क्षमा करतो, अशी ती भूमिका नाही. माझं न फिटणारं देणं देवाने स्वतःच्या अंगावर घेतलं, क्रूसावरचं मरण हीच त्याची किंमत, म्हणून तुझ्याकडे वसुली मी कुठल्या तोंडाने मागू, अशी आहे. रोजच्या प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही म्हणतो ते हेच: जसं आम्ही आमच्या ऋणकोंना सोडलं, तसं तू आम्हाला सोड. विचार करून म्हटली तर ही प्रार्थना अंगावर येते.

मग शिक्षा कशाला?

वसुलीचे दोन प्रकार असतात. माझ्यावर अन्याय झाला म्हणून मी उलट घाव घालणं हा झाला सूड. समाजाने नेमलेल्या यंत्रणेने पुरावे तपासून, दोन्ही बाजू ऐकून शिक्षा देणं हा झाला न्याय. क्षमा करणारा पहिला सोडतो. दुसरा त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतोच, तर सोडणार कसा?

येशूची शिकवण पसरवणाऱ्या प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या, बायबलमध्ये असलेल्या पत्रात या दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्या आहेत. बाराव्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, स्वतः सूड घेऊ नका, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या. लगेच तेराव्याच्या सुरुवातीला म्हणतो की वाईट करणाऱ्याला शासन करणं हे राज्यकर्त्याचं काम आहे, त्याने तलवार उगीच धारण केलेली नाही. पत्र लिहिताना पौलाने अध्याय पाडलेले नव्हते, ते आकडे पुष्कळ नंतर आले. त्याच्या दृष्टीने तो सलग विचार होता.

मनोहरपूरमध्ये जे झालं ते फक्त ग्लॅडिस स्टेन्स यांच्या विरुद्ध झालं नाही. ते या देशाच्या कायद्याविरुद्ध झालं, आणि उद्या अशाच एखाद्या गाडीत झोपणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या सुरक्षिततेविरुद्धही झालं. आपल्या वाट्याचं त्यांनी सोडलं. त्या दुसऱ्या कुणाचं सोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि त्यांनी तो कधी सांगितलाही नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर 13 मे 1981 ला व्हॅटिकनच्या चौकात गोळ्या झाडणारा मेहमेत अली आग्जा याचंही तसंच. पोपनी चार दिवसांत क्षमा जाहीर केली आणि डिसेंबर 1983 मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेटही घेतली. तरीही आग्जा इटलीच्या तुरुंगात 2000 सालापर्यंत होता.

म्हणजे मुकाट सोसायचं का?

या प्रश्नावर मला थोडं जास्त थांबायचं आहे, कारण इथे क्षमेच्या नावाखाली माणसांचे हाल झालेले आहेत.

"एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ज्याने ते सांगितलं त्याच्या गालावर प्रत्यक्ष चपराक बसली तेव्हा तो काय म्हणाला, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रमुख याजकासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला मारतो. येशू उलट हात उचलत नाही. पण गप्पही बसत नाही. मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं तो भर चौकशीत विचारतो. पौलाला फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा तो हटून बसला. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, म्हणाला. ते आले आणि त्यांनी विनवण्या केल्या. लूकच्या शुभवर्तमानात क्षमेच्या आज्ञेच्या आधी आणखी एक आज्ञा आहे: भावाने अपराध केला तर त्याला तो दाखवून दे.

म्हणून दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी बायकोला "क्षमा कर, प्रभूनेही केली" म्हणून परत पाठवणं हे शुभवर्तमान नव्हे. तिने पोलिसांत तक्रार द्यावी, संरक्षण मागावं, वेगळं राहावं, आणि तरीही तिला वाटलं तर क्षमा करावी. यात परस्परविरोध कुठेच नाही. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना "पश्चात्ताप झालाय" म्हणून एका धर्मग्रामातून (पॅरिशमधून) दुसऱ्यात हलवण्याचे प्रकार जगभर झाले, बोस्टनमधले 2002 मध्ये उघड झाले तेव्हा सगळी कॅथलिक सभा हादरली. ती क्षमा नव्हतीच. ज्या मुलांचं नुकसान झालं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्याच्या वहीतली उधारी तिसऱ्याने खोडली, वर ती धर्माच्या नावावर खपवली, आणि याचा मला आजही संताप येतो.

ज्याला जखम झाली त्यानेच क्षमा करायची असते, आणि त्याच्याकडून ती कुणी वसूल करू शकत नाही.

समोरच्याला पश्चात्ताप नसेल तर?

इथे ख्रिस्ती विचारवंतांमध्येही दोन मतं आहेत. लूकमधलं वाक्य "त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर" असं आहे, त्यामुळे काही जण म्हणतात की समोरच्याने चूक कबूल केल्याशिवाय क्षमा पुरी होत नाही. दुसरे क्रूसावरच्या शब्दांकडे बोट दाखवतात: "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही." तेव्हा खाली उभ्या असलेल्यांपैकी कुणीच पश्चात्ताप केलेला नव्हता.

मला वाटतं, क्षमा आणि समेट वेगळे केले की गाठ बरीच सुटते. क्षमा एकट्याला करता येते. समेटाला दोघं लागतात, आणि दुसऱ्याच्या बाजूने कबुली, भरपाई, बदललेलं वागणं लागतं. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरी येशू स्वतःहून पाहुणा म्हणून गेला, पण त्या भेटीत जक्कयने ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत करण्याचा शब्द दिला.

हे दोन्ही टप्पे एकाच गोष्टीत पाहायचे असतील तर मध्य प्रदेशात जावं लागेल. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकारीच्या विळख्यातून लोकांना सोडवायला त्यांनी बचतीची सवय लावली, हक्कांची माहिती दिली. ज्यांचा धंदा बुडाला त्यांनी समंदर सिंग नावाच्या तरुणाला पुढे केलं. 25 फेब्रुवारी 1995 ला, बसमध्ये, प्रवाशांदेखत, त्याने सिस्टरना भोसकून मारलं. अंगावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. त्याला जन्मठेप झाली. ज्यांच्या भरवशावर त्याने हे केलं त्यांनी पाठ फिरवली.

2002 मध्ये, रक्षाबंधनाच्या सुमारास, सिस्टर राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. हे एका दिवसात झालेलं नव्हतं, मधे सात वर्षं गेली होती. 2006 मध्ये तो सुटला, आणि त्याच्या सुटकेसाठी या कुटुंबाने पाठबळ दिलं होतं. पुढे तो केरळला त्यांच्या घरीही गेला. राणी मारियांच्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. त्याच हातांनी त्यांच्या मुलीचा जीव घेतला होता. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये राणी मारियांना "धन्य" घोषित करण्याचा विधी झाला, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. त्या गर्दीत समंदर सिंगही होता.

त्याला पश्चात्ताप झाला नसता, तर सिस्टर सेल्मींची क्षमा वाया गेली असती का? मला तसं वाटत नाही. पण मग राखी आणि केरळचं घर त्याच्या वाट्याला आलं नसतं.

राग जात नसेल तर ती क्षमा खोटी का?

नाही. क्षमा हा आधी निर्णय असतो, भावना मागून येतात आणि कधी कधी फार उशिरा येतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स इथे 2 ऑक्टोबर 2006 ला एका बंदूकधाऱ्याने आमिश या साधेपणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत पाच मुलींना ठार केलं आणि स्वतःला संपवलं. काही तासांतच आमिश शेजारी त्याच्या विधवेच्या दारात सांत्वनाला उभे होते. त्याच्या अंत्यविधीलाही ते गेले. म्हणून त्या आईबापांचं रडणं थांबलं असं कुणीही समजू नये. साताच्या सत्तर वेळा याचा मला लागलेला अर्थ असाही आहे की एकाच जखमेसाठी पुन्हा पुन्हा क्षमा करावी लागते. काल खोडलेला आकडा आज सकाळी डोळ्यांपुढे पुन्हा उभा राहतो.

नेहमी दुबळ्यांनीच का क्षमा करायची?

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. जून 2015 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल-अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने मारलं. दोन दिवसांनी न्यायालयात काही नातेवाइकांनी त्याला क्षमा केल्याचं सांगितलं आणि जगाने त्यांचं कौतुक केलं. तेव्हा अनेक कृष्णवर्णीय लेखकांनी विचारलं, दर वेळी आमच्याकडूनच ही अपेक्षा का? आपल्याकडे हाच प्रश्न दलितांनी विचारला तर त्याला उत्तर द्यावंच लागेल. जातीचा जाच चर्चच्या दाराशी थांबलेला नाही, आतही बसलेला आहे.

क्षमा करायला सांगणारा धर्म तितक्याच जोराने क्षमा मागायलाही सांगतो, ते अर्धं आम्ही सोयीने गाळतो. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारं धर्मन्यायालय सुरू झालं आणि 1812 मध्ये कायमचं बंद झालं. ते चालवणारेही रोज तीच प्रभूची प्रार्थना म्हणत होते. 12 मार्च 2000 ला पोप जॉन पॉल यांनी सेंट पीटर बॅसिलिकातल्या उपासनेत, चर्चच्या लोकांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या जुलमांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. उशीर झाला होता, पण तेवढं तरी झालं.

आणि क्षमा ही काही फक्त ख्रिस्ती लोकांची मिरास नाही. "जे खळांची व्यंकटी सांडो" हे मागणं महाराष्ट्र सातशे वर्षं मागतो आहे. दुष्ट मरोत असं न म्हणता त्यांचा दुष्टपणा जावो, असं म्हणणाऱ्या वाचकाला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

बांधावरचं भांडण

खून आणि गोळीबार बहुतेकांच्या वाट्याला येत नाहीत. वाट्याला येतो तो फूटभर सरकवलेला बांध आणि त्यावरून बोलणं टाकलेला चुलत भाऊ. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासना; तीत कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, आधी आम्ही आजूबाजूच्यांना शांती देतो ती याच वळणाची. भाऊबंदकीत अडकलेले दोघं एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसतात आणि आपापल्या शेजाऱ्याला शांती देतात, हे कुठल्याही गावात दिसेल.

अशा वेळी क्षमा म्हणजे जमीन सोडून देणं नव्हे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, पैसे भरावेत, नोटीस निघावी, मोजणीदाराने येऊन हद्द दाखवावी, दगड रोवावेत. यात सूड कुठेच नाही. सूड दुसरीकडे असतो. त्याच्या शेताचं पाणी रात्रीतून वळवण्यात, त्याच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न चार शब्द पेरून मोडण्यात, चुलतीच्या मयताला न जाण्यात. ते सगळं सोडायचं. आपल्या घरी लग्न निघालं की त्या घरी पत्रिका द्यायची, आणि ती कुणाच्या हाती न पाठवता स्वतः जाऊन द्यायची. ते येतील किंवा येणार नाहीत. आणि दगड पुन्हा सरकला, तर पुन्हा मोजणी मागवायची.